उसाच्या ट्रॉलीला वायरलेस रिव्हर्स कॅमेरा बसवायचाय: भरलेल्या ट्रॉलीमागचं चित्र येतं का?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात ऊस वाहतूक करतो. ५० एचपीचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. दोन्ही जोडून मागे घेता येत नाहीत, म्हणून फडाजवळ मागची ट्रॉली रस्त्याकडेला सोडायची आणि पहिली उलटी आत घालायची. माझी अडचण तिथंच आहे.

गेल्या जानेवारीत पहाटे साडेपाचला अशीच ट्रॉली मागे घेत होतो. तोडणीची टोळी बीडकडची, लेकरं सोबतच. थंडीनं पाच-सहा वर्षांची एक पोरगी पाचटाच्या ढिगाआड अंग चोरून बसली होती, ट्रॉलीच्या बरोबर मागं. तिची आई कोयता टाकून ओरडत धावली म्हणून ब्रेक दाबला. चाक आणि पोरगी यांत दोन हात अंतर उरलं होतं. त्या दिवशी पुढची खेप केली नाही. अजूनही ट्रॉली मागे घेताना पाय क्लचवर थरथरतो.

सेन्सरचा विचार सोडून दिलाय. मेहुण्याच्या कारला आहे, पण ट्रॉलीमागे ऊस लोंबत असतो, तो सारखा वाजतच राहील. कॅमेराच हवा. वायरचा बसवला तर हुकाजवळ ती पहिल्याच आठवड्यात तुटणार, म्हणून वायरलेस बघतोय. दुकानदार सात इंची स्क्रीनसह सात हजार सांगतो. ट्रॉलीला लाइटची वायरिंगच नाही आणि ट्रॅक्टरला रिव्हर्स लाइट नाही. मग करंट कुठून द्यायचा? कुणी बसवला असेल तर सांगा, गाळप सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय.

डायनामो_बार्शी
दादा, मी ऑटो वायरमन आहे. वायरलेस म्हणजे फक्त चित्र वायरशिवाय येतं, कॅमेऱ्याला १२ व्होल्ट द्यावेच लागतात. तुमच्या ट्रॅक्टरला मागे सात पिनांचा सॉकेट असेल. नसला तर बसवून घ्या. त्यात ३ नंबरची पिन अर्थची आणि २ नंबरची मागच्या फॉग लाइटची असते. ती सहसा रिकामीच राहते, कॅमेरा तिच्यावर घ्या. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नका, प्रत्येक गाडीत आधी कुणीतरी हात घातलेला असतो. टेस्ट लॅम्प लावूनच खात्री करा.

रिव्हर्स लाइट नसला तरी बिघडत नाही. मडगार्डवर एक टॉगल बटण द्या, बॅटरीपाशी २ अँपियरचा फ्यूज टाका. ट्रॉलीला हे करताय तर टेल लाइटही बसवाच, त्याच सॉकेटवर होतील. रात्री रस्त्याकडेला सोडलेल्या तुमच्या मागच्या ट्रॉलीचे मात्र ते पेटणार नाहीत, तिला लाल रिफ्लेक्टर पट्टी हवीच.

स्क्रीन १२-२४ व्होल्टची घ्या. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि स्क्रीन बंद होऊन पुन्हा चालू होते, त्याला बिघाड समजू नका.

माळशिरस_वाहतूक
मी दोन हंगाम वापरलाय, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो. दुकानात आणि रिकाम्या ट्रॉलीवर चित्र आरशासारखं स्वच्छ येईल. ट्रॉली भरली की रेघा आणि ठिपके. मला आधी वाटलं कॅमेराच खराब, बदलूनही आणला. मग कळलं की दोष उसाचा. उसात साधारण ७० टक्के पाणीच असतं आणि हे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्या लहरी पाणी शोषून घेतं. मागच्या कॅमेऱ्यापासून सीटपर्यंत मध्ये टनावारी ऊस म्हणजे पाण्याची भिंतच.

उपाय सोपा आहे. ट्रान्समीटरची डबी वेगळी असलेलाच कॅमेरा घ्या. कॅमेरा मागे, तिथून पिवळ्या पिनची व्हिडिओ वायर चॅसीखालून पाइपात घालून पुढे आणा आणि डबी ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला, दांडीवर बसवा. मग वायरलेसला फक्त हुकाजवळचं अंतर काटायचं राहतं. ज्या कॅमेऱ्याची अँटेना त्याच्यावरच असते तो घेऊ नका. जुन्या ॲनालॉग संचात गाडीतळावर शेजारच्या गाडीचं चित्र आपल्या स्क्रीनवर येऊ शकतं, म्हणून पेअर होणारा, म्हणजे फक्त आपल्याच स्क्रीनशी जोडला जाणारा डिजिटल घ्या.

वारणाकाठ
दोघांचेही आभार. पाण्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदाराला विचारलं, तोही गप्प झाला. चुंबकानं चिकटणारा, बॅटरीवाला कॅमेरा चालेल का? तो एका ट्रॉलीवरून दुसरीवर हलवता येईल.

माळशिरस_वाहतूक
चुंबक लोखंडाला घट्ट बसतो, पण फडातल्या सऱ्यांवरून आदळला की सुटतो. माझा एक फडातच राहिला. वापरायचाच तर साखळी बांधा. शिवाय रात्रीची खेप म्हटली की चार्जिंग विसरतंच. कायमचा बसवा. पाण्याच्या प्रेशरनं ट्रॉली धुता ना? मग आयपी ६९के (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) लिहिलेला बघा, ६७ हा नुसता पाण्यात बुडण्यापुरता असतो.

वारणाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय. बसवला. चौकोनी पाइपचा तुकडा चॅसीच्या मागच्या आडव्या चॅनेलला वेल्ड करून त्यात कॅमेरा, वर पत्र्याची छपरी, म्हणजे लोंबता ऊस थेट काचेवर घासणार नाही. डबी पुढे दांडीवर. आडसालीची लावण चालू होती, त्यामुळे बेण्याचा ऊस भरून तपासता आलं. चित्र एकदाही तुटलं नाही. तीच डबी मुद्दाम मागे कॅमेऱ्याजवळ धरून पाहिली तर लगेच रेघा सुरू झाल्या. भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

स्क्रीनवरच्या हिरव्या-लाल रेघा कारसाठी असतात, त्या ट्रॉलीला जुळत नाहीत. मी जमिनीवर एक मीटर आणि दोन मीटरवर विटा ठेवल्या आणि स्क्रीनवर रंगीत टेप चिकटवली.

थोरल्या पोराला मागे उकिडवं बसवलं होतं. दोन मीटरवर दिसला. ट्रॉलीला टेकून बसवला तर दिसलाच नाही. कॅमेरा आणखी खाली झुकवला, तेव्हा डोकं दिसू लागलं, पण लांबचं चित्र गेलं. ते गेलं तरी चालेल असं ठरवलं, लांबचं आरशात दिसतंच. पहाटेच्या अंधारात कॅमेऱ्याचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे पुरतात का हे घरामागे तपासलं, चार-पाच मीटर बरं दिसतं. पण काचेवर धूळ बसली की सगळं पांढरं. त्यामुळे दर खेपेला हुक लावताना फडकं मारतो. मुकादमाला सांगून ठेवलंय, ट्रॉली आत घेताना टोळीतला एक माणूस मागं हवाच, स्क्रीन असली तरी.

आता दुसऱ्या ट्रॉलीला तशीच डबी लावली तर एकाच स्क्रीनवर दोन्ही पेअर होतील का, हे कुणी करून पाहिलंय का?