७१ गुण ठीक, पण शहापूरचं काय?
शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं (गरिबी हटवणं, सगळ्यांना शुद्ध पाणी, आरोग्य अशी जगातल्या देशांनी ठरवलेली ध्येयं) म्हणजे नुसते कागदी घोडे, असं कुणी म्हणेल. अगदीच तसं नाही हो. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ती मंजूर झाली आणि २०१८ पासून नीती आयोग त्यावर राज्यांना १०० पैकी गुण देतोय. देशाचे गुण तेव्हा ५७ होते, २०२३-२४ च्या अहवालात ७१. राज्यांत चढाओढ लागली, हे चांगलंच.

घोळ आहे तो सरासरीत. आपला ठाणे जिल्हाच घ्या. नवी मुंबई पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. इकडे शहापूर तालुक्यात भातसा, तानसा. पाणी जातं मुंबईला आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. धरण उशाला, कोरड घशाला! गावात घरोघरी नळ देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर ठरलेत, पण नळाची तोटी बसली की घर यादीत चढतं. एप्रिल-मे मध्ये त्या तोटीला पाणी येतं का, हे कोण बघणार?

पंचायतींसाठी या उद्दिष्टांच्या नऊ संकल्पना केल्यात, त्यात 'जलसमृद्ध गाव' आहे. तुमचं गाव तिकडचं असेल तर ग्रामसभेत विकास आराखडा मागून बघा, पाण्याला किती पैसे धरलेत ते.