शब्दचर्चा : विडंबन, टुकार की अचाट?

प्रश्न : साठच्या दशकात जेम्स बाँडची टर उडवणारे बरेच ब्रिटिश हेरपट निघाले. त्यातले काही इतके वाईट आहेत की बघताना धमाल येते. अशांना 'विडंबनपट' म्हणावं, की सरळ 'टुकार'?

– विडंबन जाणूनबुजून केलेलं असतं. ज्याची नक्कल करायची त्याच्या लकबी आधी नेमक्या हेराव्या लागतात. 'कॅरी ऑन स्पाइंग' (१९६४) घ्या. दुष्टांच्या संघटनेचं नाव 'स्टेंच', म्हणजे दुर्गंधी. हा बाँडपटांतल्या 'स्पेक्टर'ला टोमणा. एका हेराचं नाव तर चार्ली बाइंड! इथे हसू येतं ते दिग्दर्शकाने ठरवलेल्या जागी. याला टुकार म्हणू नका हो.

– मग 'कसिनो रोयाल'? डॅनियल क्रेगचा नव्हे, १९६७चा.

– तोही विडंबन म्हणूनच काढायला घेतला होता, पण हाताबाहेर गेला. श्रेयनामावलीत दिग्दर्शक पाच! पीटर सेलर्स आणि ऑर्सन वेल्स यांचं इतकं बिनसलं की पत्त्यांच्या टेबलावरची समोरासमोरची दृश्यंही बरीचशी वेगवेगळी चित्रित करावी लागली. त्यात वेल्सला जादूचे प्रयोग करायची हौस, त्यामुळे ऐन जुगारात तेही सुरू. सेलर्स काम अर्धवट टाकून गेला, मग कथेला ठिगळं लावली. शेवटच्या मारामारीत काउबॉय काय येतात, पॅराशूटने रेड इंडियन काय उतरतात! वुडी ॲलनच्या पोटात स्फोटक गोळी गेलेली, त्याला उचकी लागली की तोंडातून धूर. शेवटी अख्खा कसिनो उडतो आणि मंडळी थेट स्वर्गात. आता यातलं किती मुद्दाम आणि किती नाइलाजाने, हे सांगणं कठीण. मजा आहे ती त्याच गोंधळाची. म्हणून 'विडंबन' अपुरं पडतं.

– म्हणजे टुकारच की!

– नाही पटत. टुकार म्हटलं की दरिद्रीपणा आला, अंगचोरपणा आला. इथे पैसा पाण्यासारखा ओतलाय. नेपथ्य, कपडे बघत राहावेत असे. बर्ट बॅकरॅकचं संगीत तर चित्रपटापेक्षा कितीतरी सरस. आपल्याकडे आंतरजालावर 'अचाट आणि अतर्क्य' हा शब्दप्रयोग रुळलाय, तो इथे फिट्ट बसतो. त्यात शिवी आहे आणि लाडही. 'काय टुकार सिनेमा आहे' म्हणून माणूस उठून जातो. 'काय अचाट आहे' म्हणणारा दुसऱ्याला हाक मारून बसवतो.

– पण 'भन्नाट टुकार' असंही म्हणतो की आपण. तिथे टुकारचीच तारीफ असते.

– बोलताना चालतं, आवाजाच्या हेलावर निभावतं. छापलेल्या परीक्षणात वाचणारा गोंधळेल.

– आणि 'मॉडेस्टी ब्लेझ' (१९६६)? डर्क बोगार्डचा तो रुपेरी टोप, सगळीकडे नुसती झुळझुळीत सजावट...

– बघायला देखणा, पण अचाट व्हायलाही जरा बेभान व्हावं लागतं. तो फार जपून वागतो. माझ्या मते नुसता 'कंटाळवाणा'. टोपाला मात्र पैकीच्या पैकी गुण.