मदत हवी आहे: कृपेवर विसंबायचं, म्हणजे रोज नक्की काय करायचं?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघात उपासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ७ वा आणि ८ वा अध्याय घ्यायचा आहे: चांगलं करायची इच्छा असूनही जमत नाही, आणि मग देवाचा आत्मा बळ देतो, तो भाग. विषय कृपा, म्हणजे आपल्या लायकीवर नव्हे तर देवाच्या प्रेमाने फुकट मिळणारी मदत. मुलं दरवर्षी निश्चय करतात: मोबाईल कमी, राग बंद, पहाटे प्रार्थना. ईस्टर झाला की सगळं पूर्ववत, आणि मग आपण देवाला नकोसे झालो असं त्यांना वाटू लागतं. हे मला फार लागतं.

नुसत्या निश्चयाने भागत नाही, हे मला त्यांना दाखवायचं आहे. कलस्सैकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट सांगतो की 'शिवू नको, चाखू नको' अशा नियमांनी देहवासना आवरत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला, पण ख्रिस्त स्वतः आपल्याला बऱ्याच वर्षांनी गवसला असं त्यांनी साक्षीत सांगितलं आहे. इतक्या करारी, विद्वान बाईंचं हे बोलणं मुलांना नक्की भिडेल.

अडचण पुढे आहे. 'सगळं कृपाच करते, तर आम्ही काहीच करायचं नाही का?' असं संघातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने विचारलं. फिलिप्पै २:१२ मध्ये तारण (पापातून सुटका) साधून घ्या म्हटलंय, आणि लगेच १३ मध्ये इच्छा व कृती दोन्ही देवच घडवतो म्हणून. तीताला पत्रात तर वाईट सोडून नीट जगायला कृपाच आपल्याला शिकवते, असं आहे. मला हे पटतं, पण तिला समजेल असं सांगता येत नाही.

पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, आईवडील, कुणीही सांगा: मोह समोर उभा असतो त्या क्षणी तुम्ही काय करता? कोणती प्रार्थना, कोणतं वचन? आणि पुन्हा पडलेल्या मुलाशी पहिलं वाक्य काय बोलता?