मदत हवी आहे: पर्शियन मांजरीच्या किडनीत सिस्ट, पिल्लं देऊ की नको?

ऋजू_म: सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या गाठी, निघाल्या. डॉक्टर म्हणतात आनुवंशिक आहे, बरं होणारं नाही. पिल्लं घ्यायला लोक रविवारी येणार आहेत. देऊ की नको? लवकर सांगा, गुगलून डोकं उठलंय.

खवट: मांजरीचं वय? पिल्लं किती? बोका कोणाचा? रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं) किती आलं? की आम्ही पंचांग बघून सांगायचं?

जुनी_सायकल: कोरडं खाणं बंद करा. आमच्या बोक्याचा मुतखडा त्यानेच गेला.

निशाचर: मुतखड्याचा इथे काय संबंध? हा पीकेडी आहे, म्हणजे किडनीत सिस्ट होत जाण्याचा आनुवंशिक आजार, पीकेडी१ जनुकातला दोष. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. सिस्ट जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात, त्रास बरेचदा सातेक वर्षांनी दिसतो. पिल्लं पडद्यावर चढतायत यावर जाऊ नका. डीएनए चाचणी कुठल्याही वयात होते, गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा. दूध पीत असतील तर आधी थोडा वेळ आईपासून वेगळी ठेवा, नाहीतर तिचाच डीएनए स्वॅबवर येतो.

कूनवाली: हृदयाचंही बघा हं! मेन कून जातीत एचसीएम, म्हणजे हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार असतो, 2005 मध्ये त्याचं म्युटेशन सापडलं. पण चाचणी निगेटिव्ह आली तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावाच लागतो. आमच्या शेरूचा तर

खवट: पर्शियन आहे हो ती. शेरूचा वेगळा धागा काढा.

ऋजू_म: मनी चार वर्षांची, पिल्लं तीन. पाणी फार प्यायला लागली म्हणून दाखवलं. बोका ओळखीतला, चाचणी नाही, पण ते म्हणतात ठणठणीत आहे.

खवट: मनीही महिन्यापूर्वी ठणठणीतच असणार.

गावठी_बरी: नाकं चेपून चेपून जाती बनवायच्या आणि मग रडायचं. साधी मांजरं पाळा.

ऋजू_म: ते नंतर भांडा, प्लीज.

फुलराणी: केस रोज विंचरता ना? पोटाखाली गुंते होतात. आणि घरात लिली असेल तर काढा, परागसुद्धा मांजरांच्या किडनीला विष.

निशाचर: बोकाही बाधित निघाला तर हिशेब बदलतो. दोन्हीकडून दोष आलेली पिल्लं जन्मालाच येत नाहीत, जगलेल्यांत सरासरी तिनात दोन बाधित. रिपोर्ट येईपर्यंत रविवार रद्द करा, मनीचं नसबंदीचं डॉक्टरांशी बोला. आणि बोकेवाल्यांना आजच फोन करा, त्याला अजून कुठेकुठे मेटिंगला देत असतील.