पहलगामनंतर काश्मीरला जायचं की नाही?

गिरगावकर: 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरन पठारावर दहशतवाद्यांनी 26 जणांना मारलं. त्यात सहा आपल्या महाराष्ट्राचे, तिघे डोंबिवलीचे. तेव्हापासून आमच्या ग्रुपने काश्मीरचा विषयच बंद केलाय. मी म्हणतो, जायला हवं. मागे श्रीनगरला गेलो तेव्हा हाउसबोटीच्या मालकांना आम्ही मुंबईचे असं सांगितलं, तर आधी 26/11 चीच चौकशी केली त्यांनी. "घरचे सगळे सुखरूप ना?" पाहुण्यांना वाचवायला पुढे झालेला घोडेवाला, सय्यद आदिल हुसेन शाह, तिथलाच होता, तोही गेला. या माणसांकडे पाठ फिरवली तर मारेकऱ्यांना हवं तेच होईल.

ठाकुर्ली_पूर्व: दादा, त्या तिघांना निरोप द्यायला मी डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर गेले होते. तिथे उभं राहून आल्यावर "जायला हवं" असं कुणाला सांगायची माझी तरी छाती होत नाही. हल्ला झाला तेव्हा त्या पठारावर बंदोबस्तच नव्हता. नंतर सरकारनेच काश्मीरमधली 48 पर्यटनस्थळं बंद केली. मग आईबापाने घाबरायचं नाही? लेकरांना घेऊन जाणाऱ्याची भीती म्हणजे कोतेपणा नव्हे.

विरार_लोकल: ताईंशी सहमत. मुंबईच्या धाडसाचे पोवाडे आता पुरे झाले. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेवर 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच लाइनवर गाडी पकडली, कारण खाडा परवडणारा नव्हता. नाइलाजाला शौर्य म्हटलं की जाब विचारायचा राहून जातो. 2025 मध्ये हायकोर्टाने त्या खटल्यातले बाराही जण निर्दोष ठरवले. मग बॉम्ब ठेवले कुणी? ज्यांची माणसं गेली त्यांना 19 वर्षांनी हाच प्रश्न उरला.

गिरगावकर: जाब विचाराच, मीही विचारतो. पण स्फोट झाले त्याच संध्याकाळी रुळांकडेच्या झोपड्यांतून लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि जखमींना त्यांत घालून उचलून नेलं. त्यांना कुठल्या हजेरीची सक्ती होती? कोण कुठला, हे न विचारता ते गेले. मी बोलतोय ते या मोकळेपणाबद्दल, त्याला नाइलाज म्हणू नका.

माहीमची_सून: काश्मीर दूर राहिलं, आपल्या दाराचं बोला. आमच्या बिल्डिंगमध्ये दर थंडीत एक काश्मिरी शालवाला येतो. पहलगामनंतर आला तेव्हा वॉचमनने त्याला खालीच अडवलं, सोसायटीचा तोंडी हुकूम. सासूबाई खाली उतरल्या, त्याचं गाठोडं जिन्यात सोडायला लावलं आणि तिथेच बसून दोन शाली घेतल्या. चार बायका बघून गेल्या, एक थांबली.

ठाकुर्ली_पूर्व: शालवाला माझ्या दारी आला तर मी त्याला पाणी देईन, शालही घेईन. त्याच्यावर राग धरायचं काहीच कारण नाही. पण मुलांना घेऊन तिथे इतक्यात नाही जाणार. या दोन गोष्टींची गल्लत करू नका, एवढंच.

गिरगावकर: मान्य, ताई. मुलांचं तुम्हीच ठरवायचं. आम्ही दोघं मात्र ट्युलिपच्या दिवसांत निघतोय, कटऱ्याहून चिनाब पुलावरून रेल्वेने. ग्रुपमधलं कुणी येणार असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे हाउसबोटीच्या काकांना खोल्या कळवतो.