कान दुखायचा थांबला आणि ताप-डोकेदुखी सुरू झाली: संसर्ग मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

प्रश्न
माझ्या बहिणीच्या सात वर्षांच्या मुलाला मधल्या कानाचा संसर्ग झाला होता. अँटिबायोटिक सुरू होताच कानदुखी कमी झाली, म्हणून घरच्यांनी औषध मध्येच थांबवले. पुढे थंडी वाजून ताप चढायचा, उतरायचा आणि पुन्हा चढायचा. सोबत डोकेदुखी आणि उलट्या होत्या. एके दिवशी त्याला एकाचे दोन दिसू लागले आणि डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेना. तपासणीत डाव्या कानामागच्या हाडात पू आणि मेंदूलगतच्या मोठ्या शिरेत गुठळी आढळली. तो रुग्णालयात आहे. संसर्ग इतक्या आत कसा गेला, आणि त्रास मेंदूचा असताना शस्त्रक्रिया कानाची का, हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर: कान-नाक-घसा तज्ज्ञ
मधल्या कानाचे छत म्हणजे हाडाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच्या वरच मेंदूचे आवरण असते. कानामागच्या मॅस्टॉइड हाडातील हवेच्या पोकळ्या मधल्या कानाशी जोडलेल्या असतात आणि त्या हाडाला खेटूनच सिग्मॉइड सायनस ही मोठी शीर जाते. पोकळ्यांमध्ये पू कोंडला की हाड झिजते; कधी हाड शाबूत असूनही बारीक शिरांवाटे संसर्ग पुढे सरकतो. मोठ्या शिरेची भिंत सुजली की तिच्यात गुठळी होते, मेंदूतून परतणारे रक्त अडते आणि कवटीतील दाब वाढतो. डोळा बाहेर वळवणारी सहावी मज्जातंतू अशा दाबाने दुबळी पडते. ती कानाच्या हाडाच्या आतल्या टोकाजवळून जात असल्याने तेथील सुजेचाही तिला फटका बसतो.

शस्त्रक्रिया कानाची, कारण पुवाचे मूळ तिथे आहे. ते साफ केल्याशिवाय नुसत्या शिरेतून दिलेल्या औषधांवर विसंबणे धोक्याचे ठरते. गुठळी मात्र सहसा काढावी लागत नाही. रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे का, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत, त्यामुळे दोन डॉक्टरांनी वेगळे सांगितले तरी गोंधळून जाऊ नका.

उत्तर: बालरोगतज्ज्ञ
ताई, औषध थांबवल्याचा दोष बहिणीला देत बसू नका. पूर्ण मात्रा घेतलेल्या मुलांनाही हे होते. अपुऱ्या किंवा लागू न पडणाऱ्या अँटिबायोटिकने कानातली लक्षणे झाकली जातात आणि हाडातला आजार मुकाट्याने चालू राहतो, ही खरी अडचण आहे.

गुठळीखेरीज मेंदूज्वर, आवरणाबाहेर किंवा आवरणाखाली साचलेला पू आणि मेंदूतील गळू याही गुंतागुंती होतात. गळू टेंपोरल लोब म्हणजे मेंदूच्या कानालगतच्या भागात किंवा लहान मेंदूत होते आणि काही काळ फारशी लक्षणे न दाखवता वाढते, म्हणून ते सर्वांत फसवे. हे सर्व विरळा आहे. तरीही कानाच्या आजारात मूल पेंगुळले, मान ताठली, झटका आला, चाल अडखळली किंवा कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कवटीतील दाब वाढल्याची शंका असेल, तर आधी स्कॅन करतात आणि मगच पाठीतून पाणी काढण्याचा विचार होतो. ती दिरंगाई समजू नये.

वाचक
माझ्या मुलीचा कान अधूनमधून वाहतो. घाण वास येतो, पण दुखत मुळीच नाही. थेंब घातले की थांबतो. यात काळजीचे काही आहे का?

उत्तर: कान-नाक-घसा तज्ज्ञ
आहे. दुखत नाही, म्हणूनच असे कान वर्षानुवर्षे अंगावर काढले जातात. दुर्गंधी येत असेल, तर कोलेस्टिएटोमा आहे का हे पाहावेच लागते. त्यात पडद्यामागे त्वचेचे थर साचत जातात आणि आजूबाजूचे हाड झिजते. त्या वाटेने मेंदूपर्यंत संसर्ग जाऊ शकतो. थेंबांनी वाहणे थांबते, पण थर तिथेच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करून पडदा नीट पाहून घ्या, ऐकण्याची चाचणी करा आणि शंका आल्यास सीटी स्कॅन होईल. कोलेस्टिएटोमा निघाला तर उपाय शस्त्रक्रियाच आहे, आणि तो पुन्हा होऊ शकत असल्याने नंतरही अनेक वर्षे तपासणीला यावे लागते.