मधुमेह, काळवंडलेली त्वचा आणि अंगातले लोह

प्रश्न (नीलाक्षी) :
माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षभरात त्यांचा चेहरा आणि हातांची मागची बाजू करडट-तपकिरी झाली आहे, आणि गुडघ्यावरचा जुना व्रणही काळा पडला आहे. उन्हात जाणे तर त्यांनी जवळजवळ सोडलेच आहे. अशक्तपणा वाटतो म्हणून ते औषधांच्या दुकानातून स्वतःच लोहाच्या गोळ्या आणतात. शिवाय आमच्याकडे पालेभाज्या लोखंडी कढईतच होतात. जास्त लोहामुळे रंग बदलू शकतो का? कढई बंद करावी का?

प्रतिसाद (निवृत्त फिजिशियन) :
ताई, रंग बदलू शकतो, पण दोष कढईला देऊ नका. निरोगी शरीर दिवसाला साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम लोहच शोषते आणि साठा पुरेसा झाला की यकृतातून येणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातले शोषण कमी करते. हा अंकुश जन्मतः सैल असला, तर त्या आजाराला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात; त्यात एरवी 3-4 ग्रॅम असणारे अंगातले लोह 20 ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. ते यकृतात, हृदयात आणि स्वादुपिंडात साचते, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी निकामी होतात आणि मधुमेह जडतो. म्हणूनच या आजाराला पूर्वी ‘ब्राँझ डायबेटिस’ म्हणत. म्हणजे मधुमेहींना लोह जास्त झाल्याने रंग चढतो असे नसून, मधुमेह आणि रंग ही दोन्ही एकाच साठ्याची फळे असतात. त्वचेतला ब्राँझसारखा रंग मुख्यतः वाढलेल्या मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेतल्या नैसर्गिक रंगद्रव्याचा, असतो. राखाडी झाक लोहाच्या कणांची.

केवळ आहारातून असा साठा झाल्याचे ठळक उदाहरण आफ्रिकेच्या दक्षिण भागातले आहे. तिथे लोखंडी पिंपांत घरगुती बिअर आंबवत आणि तिच्यात भरपूर लोह उतरे. तरीही त्यामागे आनुवंशिक कल असावा, असे संशोधकांना वाटते.

गोळ्या मात्र आजच थांबवा. रक्तात लोह कमी असल्याचे तपासणीत दिसल्याशिवाय त्या घेणे मला धोक्याचे वाटते, कारण थकवा हे हिमोक्रोमॅटोसिसचेही लक्षण आहे.

प्रतिसाद (लॅबमधला माधव) :
सीरम फेरिटिनबरोबर (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तात लोह वाहणारे प्रथिन लोहाने किती टक्के भरले आहे ते) करून घ्या आणि नमुना शक्यतो सकाळी उपाशीपोटी द्या. मधुमेहात, फॅटी लिव्हरमध्ये किंवा कुठे सूज असली तरी फेरिटिन वाढलेले दिसते, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावरून लोह साचले आहे असे ठरवता येत नाही. सॅच्युरेशन 45 टक्क्यांच्या वर असेल, तर पुढचा तपास करतात.

प्रतिसाद (वैशाली) :
नीलाक्षी, मान किंवा काखेतली कातडी जाडसर, मखमली आणि काळी झाली आहे का, तेही पाहा. तो अ‍ॅकॅन्थोसिस असतो. तो इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याने होतो, लोहाशी त्याचा संबंध नाही, आणि आपल्याकडे तोच कितीतरी जास्त दिसतो. उलट युरोपीय वंशात आढळणारा हिमोक्रोमॅटोसिसचा नेहमीचा जनुकीय दोष भारतात फार विरळ आहे. इथे लोह साचण्याचे मोठे कारण थॅलेसेमिया आहे, म्हणजे वारंवार रक्त चढवावे लागणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. माझ्या धाकट्या भावाला तो आहे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात जाते आणि ते बाहेर काढणारी औषधे तो रोज घेतो. त्याचाही रंग राखाडी झाला होता, पुढे मधुमेहही झाला. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल, तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

नीलाक्षी :
मानेवर तसे काहीच नाही, काखेतही नाही. पण काकांना यकृताचा आजार होता, आणि ते दारूला कधी शिवले नाहीत.

निवृत्त फिजिशियन :
मग उशीर करू नका. ही माहिती डॉक्टरांना जरूर द्या. निदान झालेच, तर ठरावीक काळाने 500 मिलिलिटर रक्त काढतात, त्यातून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जाते आणि रंगही बहुधा हळूहळू फिका होतो. मधुमेह मात्र बहुतेकदा तसाच राहतो. रक्त काढण्याच्या काळात एचबीए१सी (तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) खरे असते त्यापेक्षा कमी येते, कारण तांबड्या पेशी नव्या असतात. म्हणून साखर ग्लुकोमीटरवरच पाहावी. तपासण्या होईपर्यंत दारू आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळाव्यात. कढईतली भाजी खुशाल खाऊ द्या.